नेमावरच्या पाण्यातला कार्बन

ग्रहावर जीवसृष्टी टिकणे हे सूर्यापासूनच्या अंतराइतकेच त्याच्या वातावरणावर अवलंबून असते. शुक्राच्या हवेत सुमारे ९६ टक्के कार्बन डायऑक्साइड आहे. तिथला दाब पृथ्वीच्या नव्वदपट आणि तापमान सुमारे ४६५ अंश सेल्सिअस. मंगळावरही हाच वायू ९५ टक्के, पण हवा इतकी विरळ की ऊब धरून राहत नाही. पृथ्वीवर त्याचे प्रमाण जेमतेम ०.०४ टक्के. इथला बहुतेक कार्बन खडकांत, मुख्यतः चुनखडीत, बंदिस्त झाला आहे. त्याला तिकडे नेणारी एक वाट नर्मदेतून जाते.

देवास जिल्ह्यातले नेमावर नर्मदेच्या उत्तर काठावर वसले आहे, समोर हंडिया. सिद्धनाथाचे हे गाव नर्मदेचे नाभिस्थान मानले जाते. उत्तरेकडचे माळव्याचे पठार बहुतांशी काळ्या बेसाल्टचे, म्हणजे सह्याद्री घडवणाऱ्या लाव्हाचेच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी त्या उद्रेकांनी हवेत प्रचंड कार्बन डायऑक्साइड ओतला. आज तोच खडक तो वायू शोषून घेतो आहे.

पावसाच्या थेंबात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल तयार होते. मातीत मुळे आणि सूक्ष्मजीव श्वसन करतात, म्हणून तिथल्या हवेत हा वायू कितीतरी पट अधिक असतो आणि झिरपणारे पाणी आणखी आम्लधर्मी होते. ते भेगांत शिरते. मग काळ्या दगडाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, आतला गाभा तेवढा टणक राहतो आणि सुटलेल्या भुग्याची काळी माती होते. दगडातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बायकार्बोनेटसह नदीत उतरतात, नेमावरवरून वाहत भरूचजवळ समुद्राला मिळतात. तिथे शिंपले, प्रवाळ आणि सूक्ष्म जीव त्यांपासून कवचे बनवतात. ती तळाशी साचून चुनखडी होते. नर्मदा आणि तापीच्या पाण्याच्या रासायनिक अभ्यासातून बेसाल्ट ग्रॅनाइटपेक्षा बराच वेगाने झिजतो, असे दिसले आहे.

हवा तापली की पाऊस वाढतो, झीज वाढते, कार्बन डायऑक्साइड घटतो. थंडावली की उलटे घडते. पृथ्वी कोट्यवधी वर्षे राहण्याजोगी राहिली, त्यात या यंत्रणेचा वाटा फार मोठा आहे. जीवसृष्टी तिची नुसती लाभार्थी नाही, भागीदार आहे. हवेतला २१ टक्के ऑक्सिजनही जीवसृष्टीचेच देणे. म्हणूनच दूरच्या ग्रहांच्या हवेत ऑक्सिजन आणि मिथेन एकत्र आढळतात का, हे खगोलशास्त्रज्ञ शोधतात; सजीवांनी सतत भर घातल्याशिवाय ही जोडी फार काळ टिकत नाही.

मात्र या यंत्रणेला हवा सावरायला लाखो वर्षे लागतात. माणूस दरवर्षी सर्व ज्वालामुखींच्या सुमारे शंभरपट कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो आहे. तेवढा भार नर्मदा आपल्या हयातीत उचलू शकणार नाही. तो आपणच कमी करायला हवा.