दूरचित्रवाणीवरील मोटारींचे कार्यक्रम : पुढें काय ?

रस्त्यानें एखादी नवी मोटार डौलानें जाऊं लागली म्हणजे शाळेकडे निघालेल्या मुलाचें पाऊल क्षणभर तरी थबकतें. ती कोणत्या कारखान्याची, तिचा वेग किती, इंजिनाची शक्ति किती, असे प्रश्न त्याच्या मनांत गर्दी करितात. या कुतूहलावरच दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांचा एक सबंध प्रकार उभा राहिला व जगभर लोकप्रिय झाला. आज त्याचें भवितव्य डळमळीत झालें आहे. तें कां, व त्याविषयीं एका जुन्या चाहत्यास काय वाटतें, हें वाचकांपुढें मांडण्याचा या लेखाचा हेतु आहे.

या प्रकारांतील अग्रेसर कार्यक्रम म्हणजे इंग्लंडांतील 'टॉप गिअर'. बी. बी. सी. या संस्थेनें तो १९७७ सालीं बर्मिंगहॅम येथून सुरू केला. आरंभीं तो त्या भागापुरताच होता. पुढील वर्षीं तो देशभर दिसूं लागला. नवी मोटार कशी चालते, पेट्रोल किती खाते, ती घ्यावी कीं न घ्यावी, अशी उपयुक्त माहिती त्यांत दिली जाई. २००१ सालीं तो बंद करण्यांत आला. परंतु जेरेमी क्लार्कसन व अँडी विल्मन या दोघां जुन्या शाळासोबत्यांनीं २००२ सालीं त्यास नवा जन्म दिला. रिचर्ड हॅमंड आरंभापासूनच होते. २००३ सालीं जेम्स मे येऊन मिळाले, आणि त्रिकूट पुरें झालें. एक बडबड्या, एक उत्साही आणि एक संथ, अशी ती जोडणी होती.

या त्रिकुटाची शिकविण्याची तऱ्हा कशी होती, हें एका उदाहरणावरून ध्यानीं येईल. टोयोटा हायलक्स ही मालवाहू गाडी फार टिकाऊ म्हणून प्रसिद्ध आहे. २००३ सालीं त्यांनीं अशी एक जुनी डिझेल गाडी घेऊन तिचे अतोनात हाल केले. तिला पायऱ्यांवरून उतरविली, भरतीच्या पाण्यांत बुडविली, आग लावली, व शेवटीं एका उंच इमारतीच्या माथ्यावर ठेवून ती इमारतच सुरुंगानें पाडली. इतकें होऊनही, साध्या हत्यारांनीं थोडी दुरुस्ती करितांच गाडीचें इंजिन पुन्हा सुरू झालें ! प्रेक्षक हंसत हंसत पाहत, पण मनांत प्रश्न उरे : हें शक्य झालें कसें ? डिझेल इंजिनांत इंधन पेटविण्यास विजेची ठिणगी लागत नाहीं. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेंच तें पेटतें. शिवाय या गाडीचा सांगाडा शिडीसारखा मजबूत व वरच्या भागापासून स्वतंत्र असतो. पाठ्यपुस्तकांत जें वाचून विसरलें जातें, तें असें पाहिल्यावर जन्मभर लक्षांत राहतें.

दुसरें उदाहरण बुगाटी व्हेरॉन या मोटारीचें. जेम्स मे यांनीं जर्मनींतील एका चांचणीच्या मार्गावर ती ताशीं सुमारें ४०७ किलोमीटर वेगानें चालविली. तिला सुमारें एक हजार अश्वशक्ति कां लागावी ? याचें उत्तर हवेंत आहे. वेग दुप्पट झाला कीं हवेचा अडथळा चौपट होतो, आणि तो तोडण्यास लागणारी शक्ति आठपट होते. गणिताचा हा नियम फळ्यावर मांडला तर कित्येक मुलें जांभया देतील; या मोटारीच्या निमित्तानें मात्र तो त्यांच्या डोळ्यांपुढें उभा राहतो.

आपल्या मुंबईसही हे तिघे येऊन गेले. २०११ सालच्या नाताळांत दाखविलेल्या भागांत ते तीन जुन्या ब्रिटिश मोटारी घेऊन मुंबईहून निघाले व थेट हिमालयापर्यंत गेले. मुंबईंत त्यांनीं डबेवाल्यांचें काम मोटारींनीं करून पाहण्याचा खटाटोप केला. भागांतील कांहीं थट्टा आपल्या देशाला झोंबणारी होती, व लंडनमधील भारतीय वकिलातीनें तिच्याविरुद्ध तक्रारही केली. ती तक्रार रास्तच होती असें मला वाटतें. चाहत्यानें आपल्या आवडत्या गोष्टीचे दोष झांकूं नयेत.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. हा प्रकार संकटांत कां सांपडला ? पहिलें कारण, त्याचा सारा डोलारा थोड्या माणसांवर उभा होता. २०१५ सालीं चित्रणानंतर गरम जेवण मिळालें नाहीं, एवढ्यावरून क्लार्कसन यांनीं एका सहकाऱ्यावर हात टाकला. संस्थेनें त्यांचा करार पुढें चालविला नाहीं. दुसरे दोघेही त्यांच्याबरोबर बाहेर पडले. या तिघांनीं २०१६ सालीं ॲमेझॉन कंपनीकरितां 'द ग्रँड टूर' हा नवा कार्यक्रम सुरू केला, व २०२४ सालीं झिंबाब्वेंतून निघून बोट्स्वाना देशांत त्यांतील आपला अखेरचा प्रवास संपविला. इकडे 'टॉप गिअर'मध्यें नवे सूत्रधार येत व जात राहिले. परंतु मैत्री कांहीं नोकरीच्या जाहिरातीनें मिळत नाहीं.

दुसरें कारण इंटरनेट. आज एकटा मनुष्य साधा कॅमेरा घेऊन मोटारीची परीक्षा करतो व तीच रात्रीं जगभर पाहिली जाते. मग देशोदेशीं फिरणाऱ्या पथकाचा मोठा खर्च कोणी कां सोसावा ? तिसरें कारण विजेची मोटार. तिला इंजिनाची गर्जना नाहीं, आणि बहुतेक विजेच्या मोटारींत एकच गिअर असतो. अर्थात् 'टॉप गिअर' हें नांवच तेथें निरर्थक होतें !

परंतु चौथें कारण सर्वांत गंभीर आहे. २००६ सालीं हॅमंड जेटच्या शक्तीवर धांवणारी एक गाडी ताशीं सुमारें ४६० किलोमीटर वेगानें चालवीत असतां तिचें टायर फुटलें व त्यांच्या मेंदूस गंभीर दुखापत झाली. ते बरे होऊन परत आले, तेव्हां त्या अपघाताचें चित्रण कार्यक्रमांत दाखविण्यांत आलें. आमच्या घरीं त्या वेळीं मोटार नव्हती. वडिलांची एक जुनी स्कूटर होती. जेवणें उरकल्यावर मी व माझे थोरले बंधु हा कार्यक्रम न चुकतां पाहत असूं. अपघाताचा भाग येतांच मी ओरडलों, "दादा, पुन्हा दाखवतील का हो ?" मागें बसलेली आई शांतपणें म्हणाली, "अरे, त्याच्या घरीं मुलं असतील रे." तिचे शब्द मीं त्या वेळीं मनावर घेतले नाहींत.

डिसेंबर २०२२ मध्यें, डन्सफोल्ड येथील ज्या जुन्या विमानतळावर या कार्यक्रमाच्या चांचण्या होत, तेथेंच एक उघडी तीन चाकांची गाडी उलटली. त्या वेळचे एक सूत्रधार, इंग्लंडचे नामांकित क्रिकेटपटु अँड्र्यू फ्लिंटॉफ, यांच्या चेहऱ्यास भयंकर जखमा झाल्या. नोव्हेंबर २०२३ मध्यें बी. बी. सी. नें जाहीर केलें कीं, नजीकच्या काळांत हा कार्यक्रम पुन्हा होणार नाहीं. ती बातमी वाचतांना मला एकदम आईचे शब्द आठवले. दर वर्षीं अधिक वेग, अधिक धाडस, अधिक थरार मागणारे कोण होते ? आम्ही प्रेक्षकच ना ? त्या जखमांचा थोडासा तरी हिशेब आमच्या नांवावर मांडला पाहिजे.

म्हणून माझें मत असें आहे कीं, कार्यक्रम थांबविला हें योग्यच झालें. मला त्याचें दुःख होतें, पण तक्रार नाहीं. शिवाय इतिहास निराश होऊं देत नाहीं. २००१ सालीं तो बंद पडला, तेव्हां त्याच्या कांहीं जुन्या सूत्रधारांनीं दुसऱ्या वाहिनीवर 'फिफ्थ गिअर' हा कार्यक्रम सुरू केला. आणि वर्षभरांतच मूळ कार्यक्रमही नव्या रूपानें उभा राहिला. पुन्हा तसें होणारच नाहीं असें कोण म्हणेल ? मात्र त्यानें थरारावर नव्हे, तर कुतूहलावर उभें राहावें. विजेच्या मोटारीची बॅटरी थंडींत मंद कां होते, ब्रेक लावतांना ती वीज परत कशी मिळविते, यांत काय कमी गंमत आहे ? हायलक्सची गोष्ट आम्हांस आठवते ती कोणी जखमी झालें म्हणून नव्हे. तिच्यांत खरोखर जाणण्यासारखें कांहीं होतें म्हणून.

विद्यार्थिमित्रांनो, वेगाची आवड वाईट नव्हे. परंतु पडद्यावर कोणी जिवावर उदार होऊन मोटार हांकीत असेल, तर टाळी वाजविण्यापूर्वीं एकदां विचार करा कीं त्याच्या घरीं कोणी त्याची वाट पाहत आहे. आणि वडील मंडळींस विनंति एवढीच कीं, अशा वेळीं मुलांस रागें भरून उठवूं नये. त्यांच्याजवळ बसून पाहावें. माझ्या आईनें तसें केलें नसतें, तर हा लेख लिहिण्याचें मला सुचलेंच नसतें.