कबुली, प्रायश्चित्त आणि मेल-मिलाप : कॅथलिक कुटुंबातील क्षमेचा प्रश्न

लखनौ धर्मप्रांतासह उत्तर भारतातील हिंदी भाषक कॅथलिक ज्या संस्कारास ‘पापस्वीकार’ अथवा ‘मेल-मिलाप’ म्हणतात, त्यालाच गोव्यातील कोकणी कॅथलिक ‘कुमसार’ आणि वसईतील मराठी कॅथलिक ‘प्रायश्चित्त संस्कार’ म्हणतात. संस्कार एकच; मात्र प्रत्येक संज्ञा त्याच्या निराळ्या अंगावर बोट ठेवते.

‘कुमसार’ हे पोर्तुगीज ‘कॉन्फेसार’चे स्थानिक रूप. त्यात भर आहे तो दोष बोलून दाखविण्यावर. ‘प्रायश्चित्त’ ही संज्ञा स्वीकारताना तिच्यामागील धर्मशास्त्रीय अर्थही आपोआप आला. दोष विद्वानांच्या परिषदेपुढे सांगावयाचा, व्रत वा दान करावयाचे आणि शुद्धी समाजाच्या साक्षीने व्हावयाची. मनुस्मृतीच्या ११व्या अध्यायात पापमुक्तीच्या साधनांत अनुतापाबरोबर ख्यापनाचाही, म्हणजे दोष जाहीर करण्याचाही, समावेश आहे. तेव्हा या भूमीस कबुली नवी नव्हती. नवा होता तो तिचा एकांत.

१२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपाशी कबुली देणे बंधनकारक केले आणि ती गुप्त राखण्याची कठोर आज्ञा दिली. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतही ही गुप्तता अभंग मानली आहे. कुटुंबाच्या संदर्भात खरा पेच येथेच निर्माण होतो. पतीने विश्वासघात केला, जाळीआड तो कबूल केला आणि त्याला पापक्षमा मिळाली, तरी पत्नीला त्याचा पत्ताही नसतो. धर्मगुरू तिला सांगूही शकत नाही. दोघे एकाच रांगेतून कम्युनियन घेतात. त्याचा हिशेब मिटलेला असतो, तिचा मात्र उघडाच राहतो.

चर्चला याची जाणीव नाही, असे नव्हे. १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथानुसार पापक्षमेने पाप नाहीसे झाले, तरी त्यातून झालेली हानी आपोआप भरून निघत नाही. ती शक्य तितकी भरून देणे हे पश्चात्तापीचे कर्तव्यच ठरते. १९७३ च्या नव्या विधीने समेटाची कल्पना पुढे आणली. ‘मेल-मिलाप’ ही संज्ञा तिलाच जवळची. ती आश्वासक आहे खरी, पण जाळीआड जे घडू शकत नाही, तेच ती गृहीत धरते. त्या मानाने मराठी संज्ञा कठोर, आणि म्हणूनच अधिक प्रामाणिक वाटते.

मत्तयाच्या शुभवर्तमानात वेदीपाशी अर्पण ठेवून आधी दुखावलेल्या भावाकडे जाण्यास सांगितले आहे. मिस्साच्या प्रारंभीच्या सामूहिक कबुलीत पती-पत्नी शेजारी उभे राहून देवापुढे आणि परस्परांपुढेही आपण पापी असल्याचे म्हणतात. पाप कोणते, ते मात्र कोणीच उच्चारत नाही.