घनवादी चित्रातील नदी : शिशिराकडून वसंताकडे

घनवादी चित्रासमोर उभे राहिल्यावर 'यात नदी कोठे आहे?' असा प्रश्न पुष्कळांस पडतो आणि ही कला आपल्यासाठी नाही, असे समजून ते पुढे सरकतात. हा समज दूर व्हावा म्हणून आम्ही मोहोपाड्याजवळच्या पाताळगंगेचेच उदाहरण घेत आहोत.

काठावरून दिसते ती नदीची केवळ एक बाजू होय. माघात भोवतालचे ओढे आटतात, तरी पाताळगंगा वाहत असते. लोणावळ्याकडील वळवण, शिरोटा या जलाशयांचे पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहात येते व जनित्रे फिरवून या नदीला मिळते. हे वीजगृह 1915 मध्ये सुरू झाले. घाटमाथ्यावरचा सरलेला पावसाळा, खोपोलीची यंत्रे, रसायनीचे कारखाने आणि फाल्गुनात फुलणारा पळस यांचा संबंध त्या एका पाण्याशी आहे. एकाच जागेवरून काढलेल्या चित्रात तो मावणार कसा?

घनवादाने हीच अडचण ओळखली. 1908 मध्ये जॉर्ज ब्राक यांची लेस्ताक येथील निसर्गचित्रे पाहून समीक्षक लुई वोसेल यांनी 'घन' म्हणून हेटाळणी केली. त्यातूनच या पंथाला नाव मिळाले. ब्राक आणि पिकासो यांनी अनेक कोनांतून दिसणारे वस्तूचे भाग एका फलकावर मांडले. आरंभीच्या चित्रांत करडे व तपकिरी रंग प्रधान होते. 1912 पासून कागदाचे तुकडे चिकटविले जाऊ लागले व हळूहळू रंग परतले. शिशिरातील निष्पर्ण काठ पहिल्या रीतीने, वसंतातील पळस-पांगारा दुसऱ्या रीतीने रंगविता येईल. मधून पाण्याचे पैलू वाहतील. आपल्याकडे नारायण श्रीधर बेंद्रे यांनी 1955 च्या 'काटा' या चित्रात ही रचना भारतीय विषयासाठी योजली.

आपल्या वाचकांस ही दृष्टी अगदीच परकी नाही. अजिंठ्याच्या 17 व्या लेण्यातील विश्वंतर जातकात तीच व्यक्ती एका भिंतीवर अनेक प्रसंगी दिसते. तेथे अनेक क्षण एकत्र येतात, घनवादात अनेक बाजू. पालटत्या ऋतूतील नदीला दोन्हींची गरज आहे. म्हणून अशा चित्रापुढे 'हे नदीसारखे दिसते काय?' असे न विचारता 'नदीची कोणती बाजू मी अद्याप पाहिली नव्हती?' असे विचारावे. ते विचारण्यास पदवी लागत नाही. थोडा वेळ थांबावे लागते, एवढेच.