बीडीडीतली गावकीची खोली

14 ऑगस्ट 2025 ला वरळीच्या 556 बीडीडीकरांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीत तीन-चार पिढ्या काढलेल्या माणसांना 500 चौरस फुटांचं, स्वतःच्या मालकीचं घर मिळालं. मुरुड तालुक्यातल्या कितीतरी घरांत ही बातमी सोयऱ्याकडचं कार्य असावं तशा जिव्हाळ्याने वाचली गेली. आपल्याकडची माणसं मुंबईला गेली ती गिरणीत, गोदीत आणि पोलिसांत. त्यांचे पत्ते वरळी, नायगाव, डिलाइल रोड, शिवडी असे असत आणि त्यांपुढे चाळ नंबर आणि खोली नंबर.

या चाळी जन्मल्या त्या सरकारी घाईतून. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत राहायला जागा उरली नव्हती. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी 1920 मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट उभारलं. त्याचीच आद्याक्षरं बीडीडी. कामगारांसाठी 50,000 खोल्या बांधायच्या असा बेत होता आणि पैशासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला गेला. याच खात्याने बॅक बेचा समुद्र हटवायला घेतला आणि त्या कामातला गैरकारभार बॅरिस्टर खुर्शेद नरीमन यांनी चव्हाट्यावर आणला. घरांचा बेतही अर्ध्यावरच आटोपला. उभ्या राहिल्या 207 चाळी: वरळीत 121, नायगावला 42, डिलाइल रोडला 32 आणि शिवडीत 12. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडं.

बांधकाम सगळं काँक्रीटचं. युरोपात उघड्या काँक्रीटच्या अजस्र वसाहती दुसऱ्या महायुद्धानंतर आल्या. ल कॉर्बुझिएची मार्सेची इमारत 1952 ची, आणि त्या शैलीला ब्रूटॅलिस्ट हे नाव त्यानंतर पडलं. गरिबांना एकाच साच्याच्या काँक्रीटच्या ठोकळ्यात ठेवण्याचा प्रयोग मुंबईने त्याच्या तीस वर्षं आधी करून पाहिला होता. फरक एवढाच की मार्सेला एका मोठ्या वास्तुकाराची दृष्टी होती आणि इथे खात्याचा हिशेब होता.

तो हिशेब खोलीत शिरलं की कळायचा. गिरगावच्या चाळीला बाहेरून गॅलरी असते. उजेड असतो, रस्ता दिसतो. बीडीडीत मधोमध लांबलचक बोळ आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. दिवसाही बोळात दिवा लागायचा. खोलीला सुरुवातीला धड खिडकीसुद्धा नव्हती, भिंतीत काँक्रीटच्या तिरप्या पट्ट्यांची जाळी होती. तिच्यातून पाऊस आत यायचा, पण मान बाहेर काढता यायची नाही. खिडक्या बसल्या त्या नंतर. एका कोपऱ्यात मोरी, संडास मजल्यावर सामाईक. कामगारांनी या खोल्यांकडे पाठ फिरवली यात नवल काय? वरळी तेव्हा गिरण्यांपासून आडबाजूला होती, भाडंही परवडत नव्हतं. कित्येक चाळी वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या आणि कायदेभंगाच्या चळवळीत सरकारने वरळीच्या चाळींत सत्याग्रही कोंडून ठेवले. घर म्हणून बांधलेल्या इमारतीचा तुरुंग करताना फार काही बदलावं लागलं नाही, यातच त्या बांधकामावरचा माझा आक्षेप आला.

आणि तरीही त्या चाळी भरल्या, नांदल्या. ते श्रेय ना लॉइडचं ना काँक्रीटचं. ते आपल्या माणसांचं.

मुरुड तेव्हा जंजिरा संस्थानची राजधानी, नबाबाच्या अमलाखाली. नारळी-पोफळीच्या वाड्या मोजक्यांच्या, भातशेती पावसापुरती. मुंबई गाठल्यावाचून बऱ्याच घरांत चूल पेटणं कठीण होतं. गावचा पोरगा ट्रंक आणि वळकटी घेऊन उतरायचा तो थेट गावकीच्या खोलीत. खोली एकाच्या नावावर, भाडं सगळ्यांनी वाटून भरायचं. भिंतीला ट्रंकांची उतरंड, वर पोटमाळा, दोरीवर कपडे. पहिल्या पाळीचा उठला की रात्रपाळीवाला त्याच जागी अंग टाकायचा. जेवण खानावळीत, आणि ती चालवणारी बहुधा कुणा गिरणी कामगाराचीच बायको. सुट्टीच्या दिवशी भजन, महिन्याला गावच्या मंडळाची वर्गणी. देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची खोली, विहिरीचा कठडा, कोकणातल्या गावोगावची अशी कामं या 160 चौरस फुटांत ठरली आणि त्यातूनच पैसा उभा राहिला. आजही गावागावांत मंडळाचा ‘मुंबईकर’ विभाग असतो. त्याचं मूळ या खोल्यांत आहे.

पुढे बायका-मुलं आली, बिऱ्हाडं झाली. त्या अंधाऱ्या बोळाचं अंगण झालं. दारं उघडी, पापड वाळत घातलेले, पोरांचा अभ्यास तिथेच. गणपती, दहीहंडी, कबड्डी, जांबोरी मैदानावरच्या सभा. पण या आठवणींवर नुसता मुलामा चढवणं बरोबर नाही. जात गावातून निघाली ती चाळीतही उतरली. 5 जानेवारी 1974 ला दलित पँथरच्या वरळीतल्या सभेवर दगडफेक झाली, दंगल पेटली आणि 10 जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले. चाळी-चाळींत दगड-बाटल्यांची लढाई चालू राहिली. शेजार होता, समता नव्हती.

घसरण सुरू झाली ती 18 जानेवारी 1982 च्या गिरणी संपाने. दत्ता सामंतांच्या हाकेला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांना पुन्हा आत जाता आलं नाही. कुणी वॉचमन झाला, कुणी रिक्षा घेतली, कुणी ट्रंक उचलून गाव गाठलं. गावकीच्या खोल्या ओस पडल्या. इमारतींची देखभाल सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होती, पण दुरुस्ती म्हणजे वरवरची मलमपट्टी. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काय होतं ते मुरुडकरांना सांगायला नको. आत गज गंजून फुगले, काँक्रीट फुटलं, स्लॅबचे पोपडे जेवणाच्या ताटात पडू लागले. अशा इमारतींच्या ऱ्हासाचं खापर नेहमी काँक्रीटवर किंवा राहणाऱ्यांवर फोडलं जातं. अमेरिकेत सेंट लुइसच्या प्रूइट-आयगो वसाहतीचे 33 ठोकळे 1972 पासून पाडले, तेव्हाही हेच झालं. खरं कारण दोन्हीकडे सारखंच: रोजगार गेला आणि घरमालक असलेल्या सरकारने हात आखडता घेतला.

पुनर्विकासाचं भूमिपूजन एप्रिल 2017 मध्ये झालं, वरळीतलं प्रत्यक्ष बांधकाम 2021 नंतर मार्गी लागलं. म्हाडाने वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग, म्हणजे जुना डिलाइल रोड, हाती घेतलं. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जागेवर असल्याने मागे राहिल्या. घरात स्वतःचा संडास मिळाला याचं मोल, रात्री बोळ ओलांडताना जीव मुठीत धरलेल्या बाईलाच विचारावं. त्यामुळे चाळी पाडू नयेत असं मी म्हणणार नाही. पण चाळीस मजल्यांच्या टॉवरचा देखभाल खर्च निवृत्त माणसाच्या आवाक्यात राहिला नाही, तर घरं विकली जातील आणि मग सरकारने कामगारांसाठी बांधलं, या वाक्याला अर्थ उरणार नाही.

लंडनमध्ये रॉबिन हूड गार्डन्स ही अशीच काँक्रीटची वसाहत 2017 पासून पाडली, तेव्हा व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तिचा तीन मजली तुकडा जपून ठेवला. वरळीतली एक अख्खी चाळ, बोळासकट आणि मोरीसकट, सरकारने राखली पाहिजे. आणि मुरुडकरांनो, तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत गावकीच्या खोलीची भाडेपावती, गिरणीचा पास, मंडळाची वर्गणीची वही, पोटमाळ्याखाली काढलेला एखादा फोटो असेल, तर ते रद्दीत घालू नका. गावच्या वाचनालयात आणून द्या, सोबत माणसाचं नाव आणि चाळ नंबर लिहून.