गिटारचा फेझर : कोणता निवडायचा, कसा जोडायचा

मुंबईच्या आयआयटीच्या सोलर दिव्यांच्या उपक्रमात गावातल्याच माणसांनी लाखो दिवे हातांनी जोडले. वेगवेगळ्या राज्यांत बचतगटांतल्या बायकाही त्यात होत्या. ज्या गटांनी असं काम केलं, त्यांच्याकडे सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर अजून असतील. काम संपलं की ही हत्यारं पेटीत जातात आणि हातातली कलाही विसरायला लागते.

आमच्या भागातल्या एका गटापुढे अशात वेगळंच काम आलं. एका ताईंची मुलगी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवते. तिला फेझर हवा होता. ‘दिवे जोडले, मग हे का नाही जमणार?’ असं म्हणत बायकांनी ते मनावर घेतलं. लगेच दुसरा प्रस्तावही आला : गटातून कर्ज उचलून वीस नग बनवू आणि विकू. म्हणजे प्रश्न दोन झाले. घरी फेझर बनेल का? आणि त्यासाठी कर्ज काढावं का? आज दोन्ही प्रश्न नीट सोडवून बघू.

फेझर म्हणजे काय?

पायाशी ठेवायची ही एक लहान डबी असते. गिटारची वायर तिच्यात जाते आणि तिथून पुढे स्पीकरकडे. डबीवरचं बटण पायानं दाबलं की सरळ आवाजाला लाट येते. तो वर-खाली घुमल्यासारखा वाटतो.

असा आवाज आपल्यातल्या वयानं मोठ्या मैत्रिणींनी ऐकलेला आहे. रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागायची, तेव्हा गाणं मध्येच दूर जायचं, पुन्हा जवळ यायचं. शॉर्टवेव्हच्या लहरी आकाशातल्या थरांवर आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतात. एक थोडी आधी, एक थोडी मागून. त्या एकमेकींत मिसळताना कधी जोर वाढतो, कधी मरतो. जपानमधल्या फुमिओ मिएदा यांनी १९६० च्या दशकात मॉस्कोहून येणाऱ्या रेडिओचा असाच घुमता आवाज ऐकला आणि तो यंत्रातून काढायचं ठरवलं, असं त्यांनीच सांगितलं आहे. त्यातून ‘युनि-व्हाइब’ आला. जिमी हेंड्रिक्स यांनी १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या महोत्सवात तो वाजवला. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत एमएक्सआर कंपनीचा ‘फेज ९०’ आला. एकच बटण असलेली ती नारिंगी डबी आजही विकली जाते.

आत काय होतं ते झोक्यावरून समजून घेऊ. दोघींनी एकाच वेळी झोका पुढे ढकलला तर तो उंच जातो. एकीनं ढकलला आणि दुसरीनं त्याच क्षणी तेवढ्याच जोरानं मागे ओढला तर तो जागच्या जागी थांबतो. फेझर आवाजाच्या दोन वाटा करतो. एक सरळ जाते. दुसरी काही टप्प्यांमधून जाते आणि प्रत्येक टप्पा तिला थोडं मागे सरकवतो. शेवटी दोन्ही पुन्हा एकत्र येतात. ज्या सुराला त्या बरोबर उलट्या पडतात, तो सूर गळतो. आवाजाला पडलेलं हे भोक सतत वर-खाली सरकत राहतं, म्हणून कानाला लाट जाणवते. दोन टप्पे असतील तर एक भोक पडतं, चार असतील तर दोन.

तीन प्रकार, त्यातला आपला कोणता?

भोक सरकवायचं तर प्रत्येक टप्प्यातला एक रेझिस्टन्स आपोआप कमी-जास्त व्हावा लागतो. तो कशानं बदलायचा, यावरून फेझरचे प्रकार पडतात.

पहिला प्रकार जेफेटचा. ‘फेज ९०’ असाच आहे. त्यात चार जेफेट लागतात आणि चारही एकसारखे लागतात. अडचण इथेच येते. २एन५४५७ या एकाच नंबरच्या जेफेटमध्ये बंद होण्याचं व्होल्टेज अर्ध्या व्होल्टपासून सहा व्होल्टपर्यंत कुठेही असू शकतं. म्हणजे पुष्कळ नग आणून, एकेक मोजून जोड्या लावाव्या लागतात. मोजतानाही बोटांची ऊब लागली की आकडा हलतो. शिवाय या जुन्या नंबरांच्या नावावर नकली मालही खपवतात.

दुसरा प्रकार खास आयसीचा. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा ‘स्मॉल स्टोन’ तसा आहे. त्यात जोड्या लावायची कटकट कमी, पण त्याच्या मूळ नकाशातला सीए३०९४ हा आयसी आता सहज मिळत नाही.

तिसरा प्रकार उजेडाचा. युनि-व्हाइबमध्ये मधोमध एक छोटा दिवा आणि भोवती उजेड ओळखणारे एलडीआर असतात. एलडीआरवर उजेड पडला की त्याचा रेझिस्टन्स उतरतो, अंधारात चढतो. दिव्याऐवजी एलईडी वापरला की काम ९ व्होल्टवर भागतं. एलडीआर मुलांच्या विज्ञान प्रकल्पांतही असतो, त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सच्या साध्या दुकानातही मिळतो. तेही सगळे तंतोतंत सारखे नसतात, पण पाच-सहा आणून एकाच उजेडात मोजले तर जवळची जोडी सापडते.

आम्ही हा तिसरा प्रकार सुचवतो, आणि पहिल्या खेपेला दोनच टप्पे. लाट सौम्य येते, पण बिघाड शोधायला सोपं. एलईडी मंद-तेज होताना डोळ्यांना दिसतो, म्हणजे निम्मं यंत्र चालू आहे हे न मोजताच कळतं. बोर्डावर आणखी दोन टप्प्यांची जागा मात्र मोकळी ठेवा.

जोडणी : एकेक भाग, एकेक तपासणी

सर्किटचा पूर्ण नकाशा समोर हवा. ‘हा पार्ट इथे लाव’ एवढ्या सूचनेवर काम करू नका. टीएल०७२ हा आयसी सहज मिळतो आणि एका आयसीत दोन भाग असतात. दोन टप्प्यांच्या फेझरला असे तीन आयसी पुरतात. आयसी थेट सोल्डर न करता सॉकेट लावा. काम झिरो बोर्डावर होतं.

आधी वीज. दोन सारखे १० हजार ओहमचे रेझिस्टर लावून ९ व्होल्टचे निम्मे करायचे. मल्टिमीटरवर ४.५ च्या आसपास आकडा आला पाहिजे. टीएल०७२ च्या ८ नंबरच्या पायाला प्लस आणि ४ नंबरला मायनस मिळतो का बघा, मगच आयसी बसवा.

मग लाट देणारा भाग. एलईडी श्वास घेतल्यासारखा मंद आणि तेज झाला पाहिजे. वेगाचं बटण फिरवून बघा.

त्यानंतर दोन टप्पे. प्रत्येकात दोन सारखे रेझिस्टर, एक कपॅसिटर आणि एक एलडीआर. रेझिस्टर १ टक्क्याचे घ्या. कपॅसिटर ‘१०३’ लिहिलेला, म्हणजे ०.०१ मायक्रोफॅरडचा. हिशेब असा : एलडीआर १ लाख ओहमवर असताना भोक साधारण १६० हर्ट्झला पडतं, १० हजारवर आलं की साधारण १,६०० ला. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची असते, म्हणजे ही फेरी गिटारच्या आवाजात बरोबर बसते. प्रत्येक टप्प्याच्या आउटपुटवरही ४.५ च्या जवळचं व्होल्टेज मिळायला हवं.

एलईडी आणि एलडीआर समोरासमोर ठेवून काळ्या नळीत घट्ट बंद करा. बाहेरचा उजेड आत गेला तर ट्यूबलाइटचं न दिसणारं लुकलुकणंही आवाजात गुणगुणतं.

शेवटी दोन्ही वाटा सारख्याच रेझिस्टरनी एकत्र आणा. आवाज नुसता थरथरतो पण लाट येत नाही, असं झालं तर सरळ वाट कुठेतरी तुटली आहे. एलईडी चालतो पण आवाज बदलत नाही, तर एलडीआरचा सांधा बघा. मागे टिक-टिक ऐकू आली तर एलईडीच्या वायरी गिटारच्या वायरीपासून लांब न्या.

डबी धातूचीच हवी, नाहीतर विजेची घरघर शिरते. हार्डवेअरच्या दुकानात स्विचबोर्डासाठी मिळणारा लोखंडी बॉक्स पायाचा दाब सोसतो. त्याला आतून रंग असेल तर मायनसची वायर जोडायच्या जागी खरवडून घ्या.

ज्यात घाई नको

पेडलच्या अडॅप्टरची मधली पिन सहसा मायनस असते. घरातल्या बऱ्याच अडॅप्टरची मधली पिन प्लस असते. त्यामुळे घरातला कुठलाही अडॅप्टर उचलून लावू नका, आधी मीटरनं मोजा. उलट्या विजेपासून वाचवणारा डायोड बसवाच. पहिली चाचणी ९ व्होल्टच्या बॅटरीवर घ्या. भिंतीवरच्या प्लगची वीज या डबीत थेट कधीच आणायची नाही.

नेहमीच्या सोल्डरमध्ये शिसं असतं. ओट्यावर, पिठाच्या परातीशेजारी हे काम करायचं नाही. खिडकी उघडी ठेवा, लहान मुलं लांब ठेवा, काम झाल्यावर साबणानं हात धुवा आणि मगच भाकरीला लागा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मैत्रिणींनी सोल्डरला बसू नये. मोजायचं आणि नोंदीचं काम त्यांनी घ्यावं, तेही तितकंच महत्त्वाचं आहे. एलडीआरमध्ये कॅडमियम असतं, म्हणून तो फोडू किंवा जाळू नका.

आता कर्जाचं

त्या गटाला आम्ही विचारलं : वीस डब्या घेणारी वीस माणसं कोण? नावं सांगा. एकच नाव आलं. गावात गिटार वाजवणारे थोडे, आणि बाजारात तयार डब्या भरपूर. रेझिस्टर, कपॅसिटर स्वस्त असतात. पैसे जातात ते डबी, जॅक आणि पायाच्या बटणात, आणि ते प्रत्येक नगाला लागतातच. एका ताईंना हे पटलं नाही. ‘तुम्ही आम्हाला पापडातच ठेवणार,’ असं त्या रागानं म्हणाल्या. त्यांचा राग खोटा नव्हता. दिव्यांच्या वेळीही काम आलं, गेलं, आणि पुढे काय हे कुणी त्यांना विचारलं नव्हतं. पण रागावर कर्ज फिटत नाही, मागणीवर फिटतं.

मग बैठकीत ठरलं ते असं. कर्ज नाही. सामानाचा खर्च मुलीच्या घरानं द्यायचा, एकच डबी बनवायची आणि वहीत तीन रकाने मांडायचे : सामान, लागलेले तास, अडलेल्या जागा. तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा. तुटलेला सांधा, उलटा अडॅप्टर, सैल जॅक शोधता आला की भजनी मंडळाच्या माइकची वायर, शाळेच्या स्पीकरचा जॅक आणि गावातले बंद पडलेले सोलर दिवेही दुरुस्त होतात. त्याला गिऱ्हाईक गावातच आहे. मोठ्या ॲम्प्लिफायरचं झाकण मात्र उघडू नका. बंद केल्यावरही आत वीज साठून राहते.

दुसऱ्याच्या नकाशावर डाग देत राहिलं तर मजुरी मिळते. नकाशा वाचता आला तर आपल्या कामाचा भाव आपल्याला सांगता येतो. तुमच्या गटाला हे करून बघायचं असेल तर पुढच्या बैठकीला पेटीतला मल्टिमीटर घेऊन या. पण आधी त्याच्या आतली बॅटरी बघा. पुष्कळ मीटरांना ९ व्होल्टचीच लागते, आणि फेझरलाही तीच चालते.