मोटारीची काच : डाग कोणता, चरा कोणता?

दिवाळी जवळ आली, की घरातली जळमटे निघतात, भांडी लखलखतात आणि दाराशी उभ्या असलेल्या मोटारीलाही न्हाऊ घातले जाते. काच मात्र कोरड्या फडक्याने खसाखसा पुसून मोकळे व्हायचे, अशी बहुतेकांची रीत! रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी काचेहून कठीण. प्रत्येक फटक्यासरशी काचेवर बारीक चरे उमटतात. दिवसा ते दिसत नाहीत. पण रात्री घाटात समोरून येणाऱ्या गाडीचा झोत त्यांवर पडला, की सारी काच धुरकट उजळते आणि कडेने चालणारा माणूस क्षणभर दिसेनासा होतो. प्रश्न केवळ देखणेपणाचा नाही, तो असा.

माझे सांगणे एवढेच, की आधी काच भरपूर पाण्याने धुवावी आणि मग बोट फिरवून पाहावे. बोटाला उंचवटा लागला, तर तो वरचा मळ. तो हमखास निघतो. पांढरे ठिपके जड पाण्यातल्या क्षारांचे असतात. व्हिनेगर व पाणी समभाग घेऊन ओले फडके त्यावर पाच मिनिटे ठेवावे, मग धुवावे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मला मनाई केली, तेव्हा फिल्म निघाली आणि गोंद मागे राहिला, असे कितीतरी गाड्यांचे झाले. असा चिकटा साबणाच्या कोमट पाण्याने भिजवून, नवे पाते तिरके धरून हलकेच काढावा. मागच्या काचेवर तापतारा असतील, तर तेथे पाते मुळीच लावू नये.

नख अडकत नाही असा चरा सेरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून, नमद्याच्या गोळ्याने घासल्यास पुसट होतो. काच सतत ओली ठेवावी. तापली तर तडकण्याचे भय. चालकाच्या नजरेसमोरचा भाग मात्र मी कुणाला घासू देत नाही. तेथे खळगा पडला, की रस्ता लहरी दिसू लागतो. नख अडकले, तर काच बदलणेच शहाणपणाचे.

आणि वायपरचे रबर? ते झिजले, की पावसाळाभर काच ओरबाडते. नवी काच घेण्यापेक्षा नवे रबर केव्हाही स्वस्त!