टिपेश्वर आणि बोगोरिया : प्रेक्षणीय स्थळाचे उत्पन्न व परिसरातील गावे

पूर्व आफ्रिकेतील सरोवरांची वर्णने प्रवासवृत्तांतांतून आपल्या परिचयाची झालेली आहेत. उथळ खाऱ्या पाण्यावर उतरलेले रोहित पक्ष्यांचे थवे, काठावरील उष्ण झरे आणि पाठीशी उभा असलेला खचदरीचा कडा, असे ते चित्र असते. या वर्णनांच्या शेवटी बहुधा एक वाक्य हमखास आढळते : प्रवाशांच्या येण्यामुळे स्थानिक लोकांना रोजगार मिळतो. वाक्य खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. कोणत्या स्थानिक लोकांना, किती काळ, आणि कशाच्या मोबदल्यात, हे प्रश्न त्या वाक्यात बुजून जातात. प्रस्तुत लेखात हेच प्रश्न यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्याच्या संदर्भात मांडावयाचे असून, तुलनेसाठी केनियातील बोगोरिया सरोवराचे उदाहरण घेतले आहे. एक सरोवर आणि एक जंगल यांची तुलना प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु तुलनेचा विषय पाणी वा झाडी हा नसून, एखादे स्थळ ‘प्रेक्षणीय’ ठरल्यानंतर तेथील मूळ रहिवाशांचे त्या स्थळाशी असलेले नाते कसे बदलते, हा आहे.

१. बोगोरियाचा धडा

बोगोरिया हे केनियाच्या बारिंगो परगण्यातील क्षारयुक्त सरोवर होय. आपल्याकडील लोणारप्रमाणेच त्याचे पाणी खारट व अल्कधर्मी आहे. मात्र लोणारचे विवर उल्कापाताने झालेले, तर बोगोरिया भूकवचाच्या खचण्यातून निर्माण झालेले. त्याच्या काठी एन्डोरोइस नावाचा पशुपालक समाज पिढ्यान्पिढ्या राहत आला. गुरांना क्षार चाटावयास नेणे, औषधी वनस्पती गोळा करणे, पूर्वजांचे विधी करणे, या सर्वांसाठी त्यांना सरोवराचा काठ आवश्यक होता. १९७३ साली शासनाने तेथे वन्यप्राण्यांसाठी राखीव क्षेत्र घोषित केले. त्या वेळी ते सरोवर हॅनिंग्टन या इंग्रज बिशपच्या नावाने ओळखले जाई. १९७८ साली फेरघोषणा होऊन बोगोरिया हे नाव राखीव क्षेत्रास मिळाले. एन्डोरोइस कुटुंबांना काठ सोडावा लागला.

या समाजाने २००३ साली मानवी व लोकहक्कविषयक आफ्रिकी आयोगाकडे दाद मागितली. पर्यटनाच्या उत्पन्नातील २५ टक्के वाटा आणि निर्माण होणाऱ्या नोकऱ्यांपैकी ८५ टक्के नोकऱ्या देण्याचे आश्वासन आपणांस मिळाले होते व ते पाळले गेले नाही, अशी तक्रारदारांची एक बाजू होती. पहिल्या स्थलांतरानंतर तेरा वर्षांनी, १९८६ साली, १७० कुटुंबांना प्रत्येकी सुमारे ३,१५० शिलिंग मिळाल्याची नोंदही त्या प्रकरणात आहे. आयोगाचा निर्णय २०१० साली प्रसिद्ध झाला व तो एन्डोरोइसांच्या बाजूने लागला. आयोगाने केलेल्या शिफारशी अभ्यासकांनी बारकाईने पाहण्याजोग्या आहेत. भूमीवरील मालकी मान्य करून ती परत करावी. धार्मिक विधी व चराई यांसाठी सरोवराकडे जाण्यास अटकाव नसावा. झालेल्या हानीची भरपाई द्यावी. आणि चालू आर्थिक व्यवहारांतून स्वामित्वशुल्क द्यावे व राखीव क्षेत्रातील नोकऱ्यांचा लाभ मिळेल अशी व्यवस्था करावी, असे त्यांचे स्वरूप आहे.

या क्रमात मालकी व वापर यांचा उल्लेख आधी येतो आणि उत्पन्नाचा नंतर, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. रोजगार ही हक्काची जागा घेणारी वस्तू नव्हे, असा त्याचा अर्थ होतो. शिवाय एकाच प्रकारच्या उत्पन्नावर विसंबून राहण्यातील धोकाही बोगोरियानेच दाखवून दिला. गेल्या दशकात खचदरीतील सरोवरांची पातळी वाढत गेली आणि २०२० च्या सुमारास बोगोरियाच्या प्रवेशद्वाराजवळील भाग व रस्ते पाण्याखाली गेले. जे पाहावयास लोक येत होते त्यानेच त्यांची वाट बुडविली.

२. टिपेश्वरची परिस्थिती

टिपेश्वर अभयारण्य केळापूर व घाटंजी तालुक्यांत पसरलेले असून त्याचे क्षेत्र १४८.६३ चौरस किलोमीटर आहे. १९९७ साली त्याची अधिसूचना निघाली. परिसरातील टिपाई देवीवरून हे नाव पडले, असे सांगितले जाते. सागाचे प्राधान्य असलेले हे शुष्क पानझडी वन आहे. नागपूर-हैदराबाद महामार्गावरील पांढरकवडा हे त्याचे जवळचे गाव. सुन्ना आणि माथार्जुन ही प्रवाशांच्या परिचयाची प्रवेशद्वारे. दक्षिणेस पैनगंगा ओलांडली की तेलंगणातील आदिलाबादचा मुलूख लागतो.

आजूबाजूचा प्रदेश कापूस, तूर व सोयाबीन पिकविणारा, बव्हंशी कोरडवाहू आहे. गोंड व कोलाम या समाजांची वस्ती येथे लक्षणीय असून, केळापूर व घाटंजी या दोन्ही तालुक्यांतील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. केंद्र शासनाने महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींना विशेष दुर्बल आदिवासी गट मानले आहे त्यांपैकी कोलाम ही एक. त्यांच्या स्वतंत्र वस्तीस ‘पोड’ म्हणतात. मुख्य गावापासून थोडे दूर, जंगलाच्या कडेला वसलेले पोड हे या भागाच्या सामाजिक भूगोलाचे वैशिष्ट्य आहे, आणि पुढील विवेचनात त्याचे महत्त्व स्पष्ट होईल.

अभयारण्याच्या आत असलेल्या टिपेश्वर व मारेगाव या गावांचे पुनर्वसन बाहेर करण्यात आले. गावे उठल्यावर गवताची कुरणे वाढली, तृणभक्षी प्राणी वाढले व त्यांबरोबर वाघही वाढले. क्षेत्र लहान आणि वाघ अधिक, अशी स्थिती झाल्यावर तरुण वाघांना बाहेर पडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. २०१९ च्या जूनमध्ये टिपेश्वरातून निघालेला, गळ्यात रेडिओ-पट्टा असलेला एक वाघ त्याच वर्षाच्या डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या एकूण भ्रमंतीचे अंतर पुढे सुमारे ३,००० किलोमीटर भरले. हा वाघ शेते, ओढे, रस्ते व गावांच्या शिवारांतूनच गेला. अभयारण्याची सीमा नकाशावर असते; वाघास ती ठाऊक नसते.

३. शंभर रुपयांची वाट

पर्यटनापासून स्थानिकांना होणारा लाभ मोजावयाचा झाल्यास ‘गळती’ ही अर्थशास्त्रीय कल्पना उपयोगी पडते. प्रवाशाने खर्च केलेल्या रकमेपैकी जो भाग परिसरात न राहता बाहेर जातो त्यास गळती म्हणतात. समजा, नागपूरच्या एका कुटुंबाने टिपेश्वरच्या भेटीसाठी शंभर रुपये खर्चिले. त्यातील पेट्रोलचे पैसे नागपुरातच राहिले. निवासगृहाचा मालक बाहेरगावचा असल्यास खोलीच्या भाड्याचा नफा त्याच्या गावी गेला. गावात उरली ती स्वयंपाकी व झाडणारी यांची मजुरी. धान्य, भाजी, दूध बाजारपेठेच्या मोठ्या गावाहून आले तर तोही भाग बाहेर पडला. जीपगाडीचे भाडे, गाडी स्थानिकाची असेल तर, पुष्कळसे येथे राहिले. परंतु गाडी कर्जाऊ असल्यास हप्ता बँकेकडे वळला. प्रवेशशुल्क शासकीय यंत्रणेकडे गेले व त्यातील किती अंश गावाकडे परतावयाचा ते नियमांवर ठरले. गाइड मात्र बहुधा लगतच्या गावचाच असल्याने त्याचे मानधन थेट एका घरात पोहोचले.

या उदाहरणातील आकडा काल्पनिक आहे, परंतु वाट खरी आहे. तीवरून दिसते की प्रवासी किती आले यावर गावाचा लाभ तितकासा अवलंबून नसतो. मालकी कोणाची व खरेदी कोठे, यांवर तो अधिक अवलंबून असतो. प्रवासी दुप्पट झाले आणि निवासगृहे सर्व बाहेरच्यांची राहिली, तर गावात वाढते ती मुख्यतः मजुरी. एखाद्या पोडावरील बचतगटाने न्याहारी पुरविण्याचे काम घेतले, तर प्रवासी तेवढेच राहूनही गळती घटते.

येथे एक कायदेशीर भेदही लक्षात घेणे अगत्याचे आहे. २००६ सालच्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण अधिनियमात व्याघ्रप्रकल्पांसाठी स्वतंत्र व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद झाली व प्रवाशांकडून मिळणारे शुल्क त्याच्यामार्फत स्थानिक कामांसाठी वापरणे शक्य झाले. ताडोबाच्या बाबतीत ही यंत्रणा परिचित आहे. टिपेश्वर मात्र अभयारण्य आहे. ती तरतूद त्यास आपोआप लागू होत नाही. २०१५ साली राज्य शासनाने सुरू केलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेसारख्या उपक्रमांतून व ग्राम परिस्थितिकीय विकास समित्यांतून जे येते ते अनुदानाच्या स्वरूपाचे असते. अनुदान व वाटा यांत फरक आहे : अनुदान देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असते, वाटा हा हिशेबाने मागता येतो.

४. ऋतूंचे वेळापत्रक

पर्यटन हा शेतीस पूरक व्यवसाय म्हणून सांगितला जातो. ते कितपत खरे आहे हे पाहण्यास वर्षाचे वेळापत्रक समोर ठेवावे. पावसाळ्यात, साधारणतः जुलै ते सप्टेंबर, अभयारण्य बंद असते. हा काळ निंदण-डवरणीचा, म्हणजे शेतात काम असण्याचा. येथवर मेळ जमतो. दसरा-दिवाळीपासून कापसाची वेचणी सुरू होते व प्रवासीही येऊ लागतात. येथे थोडी ओढाताण होते. प्रवाशांची खरी गर्दी उन्हाळ्यात. पानगळ होऊन जनावरे पाणवठ्यावर येतात, तेव्हा शेतात काम नसते. तेव्हा पूरकता सिद्ध झाली असे म्हणावेसे वाटते.

परंतु उन्हाळा हा मोहफुले व तेंदूपत्ता यांचाही हंगाम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १४ फेब्रुवारी २००० च्या आदेशाने राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून गवत, वाळलेली झाडे आदी काढून नेण्यास मनाई झाली आणि संरक्षित क्षेत्रांतील तेंदूचे व्यापारी संकलनही थांबले. तेंदूच्या हंगामात घरातील बाया, म्हातारे, पोरे सर्वच हातभार लावतात. पुडके मोजले की पैसे मिळतात. त्यास शिक्षणाची अट नाही. गाइडच्या कामास लिहिता-वाचता येणारा तरुण, तोही बहुधा पुरुष, लागतो आणि जागा मोजक्या असतात. म्हणजे सर्व घरांचे थोडेथोडे उत्पन्न जाऊन काही घरांना बऱ्यापैकी उत्पन्न मिळते. गावाची बेरीज कदाचित वाढेल. वाटणी मात्र बदलते. सरासरीच्या आकड्यात हा बदल दिसत नाही.

५. लाभाचा भूगोल आणि भाराचा भूगोल

यापुढचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. लाभ प्रवेशद्वाराभोवती साचतो. भार मात्र वाघ व रोही जेथवर जातात तेथवर पसरतो. सुन्ना गावच्या तरुणास जीपवर काम मिळते. दहा कोसांवरील पोडावरच्या कुटुंबास रात्रीची जागल, रानडुकरांनी उद्ध्वस्त केलेले पीक आणि ओढ्यावर जाताना वाटणारे भय मिळते.

याचे सर्वांत दुःखद उदाहरण जिल्ह्याच्या स्मरणात ताजे आहे. टी-१ किंवा ‘अवनी’ या नावाने ओळखल्या गेलेल्या वाघिणीचा वावर अभयारण्याच्या बाहेर, राळेगाव-पांढरकवडा भागातील शेतशिवारांत होता. साधारण दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूंशी तिचे नाव जोडले गेले. २०१८ च्या २ नोव्हेंबरला रात्री तिला गोळी घालण्यात आली. त्यानंतर देशभर झालेली चर्चा वाघिणीस मारणे योग्य की अयोग्य या प्रश्नाभोवती फिरली. ती चर्चा आवश्यक होती, यात शंका नाही. परंतु ज्या गावांनी ती दोन वर्षे काढली त्या गावांना टिपेश्वरच्या जीपगाड्यांपासून काय मिळत होते, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. तो विचारला असता तर उत्तर बहुतांशी ‘काहीच नाही’ असे आले असते, कारण ती गावे कोणत्याही प्रवेशद्वाराजवळ नव्हती.

वनहक्क अधिनियम, २००६ याने सामुदायिक वनसंपत्तीवरील हक्क मान्य केला आहे. अतिमहत्त्वाच्या वन्यजीव अधिवासातून स्थलांतर करावयाचे तर आधी हक्क निश्चित व्हावेत व ग्रामसभेची मुक्त संमती असावी, असेही तो सांगतो. आफ्रिकी आयोगाने बोगोरियाबाबत जे क्रमाने मांडले, आधी हक्क व मग उत्पन्न, तेच तत्त्व आपल्या कायद्यातही आहे. प्रश्न आहे तो पर्यटनाचे हिशेब या तत्त्वाशी जोडण्याचा.

६. अभ्यासकांस सूचना

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या क्षेत्रात काम करण्यास वाव आहे. प्रवाशांची संख्या व तिकिटांचे उत्पन्न मोजणे सोपे असते, म्हणून बहुतेक पाहण्या तेथेच थांबतात. त्याऐवजी पुढील चार गोष्टींची नोंद घ्यावी. पहिली, घटक म्हणून गाव न घेता घर घ्यावे, आणि पोड व मुख्य गाव यांची गणना वेगळी ठेवावी. दुसरी, उत्पन्नाची नोंद बारा महिन्यांची असावी. तिसरी, पीकहानी, गुरांची हानी व जागलीच्या रात्री यांचीही तेवढ्याच काटेकोरपणे नोंद करावी. रात्रीची झोप हीसुद्धा खर्चाची बाब आहे. चौथी, प्रवेशद्वारापासूनचे अंतर व वाघांच्या संचाराचे क्षेत्र हे दोन्ही एकाच नकाशावर दाखवावेत. लाभ व भार यांची वर्तुळे कोठे जुळतात व कोठे जुळत नाहीत, हे असा नकाशा एका दृष्टिक्षेपात सांगेल, आणि प्रवेशशुल्कातील वाटा कोणापर्यंत पोहोचला पाहिजे याचाही निर्णय त्यावरून करता येईल.

टिपेश्वरास भेट देऊ नये, असा या विवेचनाचा रोख नाही. २०२० साली महासाथीमुळे प्रवेशद्वारे बंद झाली तेव्हा ज्या थोड्या घरांची चूल त्यांवर चालत होती त्यांना त्याची झळ लागली, यावरून पर्यटनाचे मोल कळते. परंतु मोल कळणे व ते न्यायाने वाटले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. सुन्नाच्या दारातून आत जाणाऱ्याने वाघ पाहावा. परत येताना महामार्गावर न वळता शिवारातील एखाद्या मचाणाकडेही पाहावे. तेथे रात्रभर जागणारा माणूस हाही त्या अभयारण्याचा खर्च उचलणारा एक भागीदार आहे, आणि त्याचे नाव अद्याप कोणत्याही हिशेबात आलेले नाही.